तिरका डबा, तेवीस कोटी आणि एक बुडबुडा

९ नोव्हेंबर

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प एकदाचा ठरला. कागदावर नाव लांबलचक आहे, वर्गात मात्र सगळे 'तिरका डबा' म्हणायला लागलेत. प्रश्न असा: पाण्याने भरलेला बंद डबा, एका बाजूने तापवला, समोरच्या बाजूने थंड ठेवला. तो कलता केला तर या बाजूची उष्णता त्या बाजूला जास्त जाते की कमी?

मूळ आजीच्या बंबात आहे. पंचवटीतल्या जुन्या घरी तांब्याचा बंब होता, त्याचा एक पाय आखूड. आजी पायाखाली चिपा लावू द्यायची नाही. म्हणायची, "तिरका आहे म्हणूनच लवकर तापतो." सरांना हे सांगितलं तर हसले नाहीत. म्हणाले, "बंब सोडा, त्यात धूर, राख, नळी, दहा भानगडी. साधा चौकोनी डबा घ्या आणि आजी बरोबर आहेत का ते बघा."

कोन कसा मोजायचा ते आत्ताच लिहून ठेवते, नंतर गोंधळ नको. ० अंश म्हणजे गरम प्लेट तळाशी. ९० म्हणजे दोन्ही प्लेटा उभ्या. १८० म्हणजे गरम प्लेट वर, थंड खाली.

१६ नोव्हेंबर

प्रकल्पातली मैत्रीण आणि मी भांडीबाजारात तांब्याच्या प्लेटा शोधत फिरलो. पत्रा हवा तेवढा, पण आम्हाला सहा मिलिमीटर जाड हवं होतं, म्हणजे अख्ख्या प्लेटचं तापमान एकसारखं राहील. तिसऱ्या दुकानात काकांनी विचारलं, "एवढं जाड तांबं कशाला? यंत्र बसवायचंय का पूजेत?" शेवटी अंबडला मामाच्या वर्कशॉपमधल्या भंगारात जुन्या बसबारचे, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या जाड पट्ट्यांचे, तुकडे निघाले. मामाने ते मिलिंगवर घासून सपाट करून दिले. त्याचा धंदा सोलर हीटरच्या स्टँडचा, त्यामुळे 'तिरकं' या विषयात त्याला आमच्यापेक्षा जास्त रस. त्याची अट एकच: "झालं की मला सांगायचं, टेरेसवर पॅनल किती कललेलं बरं."

डब्याचं आतलं माप १० × १० × १० सेंटिमीटर, बरोबर एक लिटर. भिंती दहा मिलिमीटर अ‍ॅक्रिलिकच्या. तळाच्या प्लेटला हीटर पॅड, वरच्या प्लेटच्या पाठीवर पाण्याची टाकी. त्या टाकीतून फिशटँकच्या पंपाने पन्नास लिटरच्या ड्रममधलं पाणी फिरत राहणार. बर्फ वगैरे नाही. हिशोब केला: २५ वॅट तीन तास चालले तरी ड्रमचं पाणी सव्वा अंशानेच वर जाईल. आमच्या खिशाला परवडणारा थंडावा एवढाच.

२४ नोव्हेंबर

गळती. पुन्हा गळती. सिलिकॉन सीलंट चोवीस तास वाळू द्यायचं असतं, आम्ही सहा तास दिले. यावर जास्त लिहीत नाही.

मामाने एल अँगलची फ्रेम केली: मधे बिजागरी, बाजूला अर्धगोल पत्रा, त्यावर दर १५ अंशांनी पंच मारून भोकं. खिळा काढायचा, डबा कलवायचा, खिळा घालायचा. शून्याचं भोक त्याने पाणसळ ठेवून तीन वेळा तपासलं. पाणसळीतला बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये आल्याशिवाय त्याने पुढचं भोक मारलं नाही. गवंड्याचा मुलगा शेवटी.

३ डिसेंबर

सेन्सरांची झाडाझडती. तापमान मोजणारे आठ डीएस१८बी२० घेतलेत. सगळे एकाच थर्मासमध्ये बुडवले, ढवळत राहिलो. एकाच पाण्यात सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यांत ०.६ अंशाचा फरक! प्रत्येकाची चूक टिपून कोडमध्ये वजा केली. आता एकमेकांशी ०.१ च्या आत आहेत.

हीटर सरळ घरच्या लाइनवर लावायचा नाही हे सरांनी दोनदा बजावलं. व्होल्टेज हलतं तशी पॉवर हलते. रेग्युलेटेड सप्लाय घेतला, व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही टिपतोय. २५ वॅटवर थांबायचं ठरलं.

पद्धत उलटी वाटेल अशी आहे, म्हणून लिहिते. आपण उष्णता ठरावीक देतो. ती पलीकडे सहज जात असेल तर दोन प्लेटांतला फरक कमी राहतो, अडत असेल तर वाढतो. म्हणजे फरक जितका कमी, तितकं वहन चांगलं. वहन म्हटलं, पण काम अभिसरण करतं. पाणी हललंच नसतं तर १० अंशांच्या फरकाला जेमतेम ०.६ वॅट पलीकडे गेले असते. आम्ही २५ पाठवतोय. उरलेलं सगळं पाणी स्वतः वाहून नेतं, हमालासारखं.

५ डिसेंबर

थंडीने हिशोब बिघडवला. पहाटे सहाच्या आणि दुपारी दोनच्या मोजणीत सात-आठ टक्क्यांचा फरक. खोलीत पहाटे १४ अंश, डबा पंचविशीत. उघड्या भिंतींमधून दोन-तीन वॅट हवेत जात असणार. चारही बाजूंनी ५ सेंटिमीटर थर्माकोल बांधला, सांध्यांवर टेप. आता डबा दिसत नाही, पण सकाळ-दुपार आकडे जुळतात.

(हा 'दिसत नाही' पुढे महागात पडणार होता. ही ओळ नंतर घातली आहे.)

८ डिसेंबर

आज हात थरथरत होते, थंडीने नव्हे.

० अंशावर तीन तासांनी स्थिरावलेला फरक: १०.९ अंश. खिळा काढून १५ अंशावर टाकला, पुन्हा थांबलो. फरक १०.१. आठ टक्क्यांनी बरं! आजी बरोबर!

आणि हे अगदीच अनपेक्षित होतं असंही नाही. गेल्या महिन्यात वाचलं होतं की द्रवरूप सोडियममध्ये असंच होतं. रशियातल्या पर्मच्या प्रयोगशाळेत सोडियमने भरलेली लांब नळकांडी वेगवेगळ्या कोनांत कलवून तापवली, तेव्हा उभ्यापेक्षाही आणि आडव्यापेक्षाही मधल्या तिरकेपणात उष्णता जास्त गेली. सोडियम म्हणजे कल्पक्कमच्या अणुऊर्जा केंद्रातल्या फास्ट ब्रीडर टेस्ट रिअ‍ॅक्टरमधलं शीतक, म्हणजे उष्णता वाहून नेणारा द्रव. ती अणुभट्टी १९८५ पासून आहे. मी मनातल्या मनात आजीचा बंब थेट कल्पक्कमला नेऊन ठेवला.

सरांना फोन केला. "पुन्हा करा," म्हणाले. एवढंच.

१० डिसेंबर

पुन्हा केलं. १०.८ आणि १०.१. आणखी एकदा: १०.९, १०.०. मैत्रीण म्हणाली, आता अहवाल लिहायला घेऊ. मी सरांकडे गेले. त्यांनी एकच विचारलं: "सोडियम आणि पाणी एकसारखं कसं वागलं?"

प्रश्न रास्त. सोडियममध्ये उष्णता पसरते फार झपाट्याने, त्या मानाने वेगाची खळबळ हळू पसरते. पाण्यात उलटं. या दोन पसरण्यांचं गुणोत्तर म्हणजे प्रांटल अंक. आमच्या तापमानाला पाण्याचा तो पावणेसहाच्या आसपास, सोडियमचा एकाच्या शंभराव्या भागाच्या घरात. दोघांनी एकाच तालावर नाचायचं काही कारण नाही. त्यात त्यांची नळकांडी लांब, आमचा डबा चौकोनी.

१३ डिसेंबर

सापडलं. लिहायला लाज वाटते, तरी लिहिते.

सेन्सर क्रमांक ५ ची वायर सैल झाली म्हणून एका बाजूचं थर्माकोल काढावं लागलं. डबा शून्यावर. मोबाइलचा टॉर्च मारला तर वरच्या प्लेटच्या खाली, बरोबर मध्यावर, चपटा बुडबुडा. रुपयाच्या नाण्याहून चांगलाच मोठा, तीन सेंटिमीटर तरी आडवा, चार-पाच मिलिमीटर जाड. प्लेटला चिकटून आरशासारखा चमकत होता.

मी खिळा काढला आणि डबा हळूच कलवला. बुडबुडा क्षणभर थांबला, कड लांबली, आणि सुर्रकन घसरून वरच्या कोपऱ्यात जाऊन बसला.

म्हणजे झालं होतं असं: शून्यावर बुडबुडा थंड प्लेटच्या मधोमध, शंभर चौरस सेंटिमीटरपैकी सातेक झाकून. हवा म्हणजे उष्णतेला कांबळंच. तेवढी प्लेट आमच्यासाठी बंद. कलवला की तो कोपऱ्यात गोळा होऊन जागा मोकळी करणार, फरक कमी होणार, आणि आम्ही टाळ्या वाजवणार. सात टक्के झाकलं, आठ टक्के सुधारलं. तिरकेपणाचं श्रेय बुडबुड्याचं होतं.

मामाला दाखवलं. तो पोट धरून हसला. "अगं, ही तर पाणसळच झाली तुमची! एक लिटरची पाणसळ!" आणि खरंच. त्याने शून्य इतकं अचूक साधलं होतं की बुडबुडा बरोबर मध्ये येऊन बसत होता. फ्रेम जरा वाकडी असती तर तो आधीच कोपऱ्यात गेला असता आणि आम्ही फसलो नसतो.

१४ डिसेंबर

हवा आली कुठून? थोडी भरतानाच राहिलेली. उरलेली पाण्यात विरघळलेली. थंड पाणी हवा जास्त धरून ठेवतं, तापलं की सोडतं. डिसेंबरातलं टाकीचं पाणी म्हणजे हवेने भरलेलं. स्टीलच्या पातेल्यात तळाशी आधी बारीक मोत्यांसारखे बुडबुडे येतात ना, उकळी फुटायच्या कितीतरी आधी, तेच.

उपाय स्वयंपाकघरातला. पाणी वीस मिनिटं खळखळून उकळलं. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास असल्यामुळे इथे ते ९८ अंशांनाच उकळतं, पण हवा घालवायला तेवढं पुरतं. झाकण लावून निववलं, नळीने हळू, बुडाशी धरून, फेस न होऊ देता भरलं. वरच्या प्लेटच्या कोपऱ्यात हवा काढायचं बारीक भोक आणि स्क्रू. भरताना तोच कोपरा सर्वांत उंच ठेवायचा.

१६ डिसेंबर

नव्या पाण्यावर: ० अंशाला १०.०, १५ ला १०.१.

आठ टक्के गेले. राहिलं काय, तर सेन्सरच्या चुकीएवढा फरक, तोही उलट्या दिशेला.

सरांकडे तोंड पाडून गेले. त्यांनी चहा मागवला आणि बेनारची गोष्ट सांगितली. आँरी बेनारने १९०० च्या सुमारास पॅरिसमध्ये द्रवाचे पातळ थर खालून तापवले. त्यात मधमाशांच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरं उठली. १९१६ मध्ये लॉर्ड रॅलेने त्याचं गणित मांडलं: खालचा द्रव तापून हलका होतो, वर जाऊ बघतो, चिकटपणा आणि उष्णतेचं पसरणं त्याला अडवतात, ओढाताणीचा हा हिशोब म्हणजे आजचा रॅले अंक. दोन्ही बाजूंना घट्ट प्लेटा असतील तर तो १७०८ ओलांडला की पाणी चालू लागतं. गणित सुंदर, बरोबर. पण बेनारच्या थराचा वरचा पृष्ठभाग उघडा होता, आणि त्याची षट्कोनं मुख्यतः पृष्ठताणामुळे होती. हे नीट कळायला १९५६ ते १९५८ उजाडलं. "चाळीस वर्षं चुकीच्या कारणाला श्रेय," सर म्हणाले. "तुम्हाला पाच दिवस लागले. चहा घ्या."

२१ डिसेंबर

आज फक्त बघितलं. आकडे नाहीत.

थर्माकोलच्या दोन समोरासमोरच्या बाजू काढल्या. एका बाजूने टॉर्च, दुसऱ्या बाजूला ट्रेसिंग पेपर. गरम-थंड पाण्यात प्रकाश कमीजास्त वाकतो, त्यामुळे कागदावर सावल्या उमटतात. डिंकाच्या पाण्यासारख्या थरथरत्या रेघा. तळाच्या प्लेटवरून बारीक शेंड्या सुटतात, डोकं छत्रीसारखं, आणि वर न जाता आडव्या वाहत भिंतीपाशी जातात, तिथून वर. वरून थंड शेंड्या समोरच्या भिंतीने खाली. मधलं पाणी जवळजवळ कोरं.

मग इंजेक्शनच्या सिरिंजने खायच्या केशरी रंगाचा एक थेंब. तो त्या फेरीत ओढला गेला: एका भिंतीने वर, दुसरीने खाली. सेकंदाला तीन-चार मिलिमीटर, एक फेरी सव्वा मिनिटाची. चार-पाच फेऱ्यांत सगळं पाणी फिकट केशरी, नंतर काही दिसत नाही. पुन्हा उकळलेलं पाणी, पुन्हा भरा.

शून्यावर ही फेरी लहरी आहे. कधी डाव्या भिंतीने चढते, मग कर्णावर सरकते, तासाभराने भलतीच बाजू धरते. खिळा पहिल्या भोकात टाकला, १५ अंश, की ती ताबडतोब शहाणी होते. गरम पाणी वरच्या अंगाच्या उतारावरून चढतं, थंड खालच्या अंगाने उतरतं, आणि बाजू बदलत नाही. नंतर वाचलं, प्रयोगशाळांत फेरी एका दिशेला जखडायची असेल तर डबा मुद्दाम एखाद्या अंशाने कलवतात.

आकड्यांत काहीच नाही आणि डोळ्यांना मात्र सगळं बदललेलं. हे मला पचायला वेळ लागला.

२८ डिसेंबर

तीन आठवड्यांच्या रात्रींचं फळ. २५ वॅट कायम. ३० अंशाला फरक १०.२, ४५ ला १०.३, ६० ला १०.५, ७५ ला १०.७, आणि ९० ला, म्हणजे प्लेटा उभ्या, ११.०. आडव्यावरून थेट उभ्यावर आलो तरी जेमतेम दहा टक्के.

का? आमच्या डब्याचा रॅले अंक काढला: २३ कोटी. उंबरठा १७०८. तिरक्या पातळ थरात हा उंबरठा कोनाच्या कोसाइनने भागला जातो, म्हणजे ६० अंशाला दुप्पट, ३४१६. ज्याच्या खिशात २३ कोटी आहेत त्याला दाराचं तिकीट दुप्पट झालं म्हणून काय फरक पडतो! अडथळा सगळा प्लेटांना चिकटलेल्या मिलिमीटरभर पाण्यात आहे. मधली फेरी कशीही असो, उष्णतेला तो थर ओलांडावाच लागतो, आणि तो थर कोनाने फारसा बदलत नाही.

२९ डिसेंबर

आजीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "तिरका तर होताच. पण मी चार वाजता उठून ढलप्या घालायचे, ते कोणी मोजलं?"

४ जानेवारी

नव्वदच्या पलीकडे गेलो आणि चित्र पालटलं. गरम प्लेट आता वरच्या अंगाला झुकते. १२० ला फरक ११.९. १३५ ला साडेतेरा. १५० ला १८ वर गेला. आता पाण्याला चालायचं कारणच उरत नाही. गरम पाणी आधीच वर आहे.

१८० वर २५ वॅट दिलेच नाहीत, सीलंट गेलं असतं. फक्त १ वॅट. तरीही फरक वाढतच राहिला, आणि वाढ कशी, तर गोगलगायीसारखी. न हलणाऱ्या दहा सेंटिमीटर पाण्यातून उष्णता झिरपायला तासन्‌तास लागतात. रात्री नऊला सुरू केलं, लॅपटॉपवर आलेख लावून झोपलो, पहाटे पाचला वीज गेली. दुसऱ्या रात्री इन्व्हर्टरवर. सकाळी आठला रेघ आडवी झाली: १४ अंश. एका वॅटला चौदा! शून्यावर पंचवीस वॅटला दहा होते. रंगाचा थेंब सोडला तर तो सुतासारखा जिथे सोडला तिथेच लटकून राहिला, चहा होऊन येईपर्यंत.

११ जानेवारी

मामाला उत्तर द्यायला सिडकोतल्या एका टेरेसवर गेलो, तिथे तो नवा हीटर बसवत होता. काचेच्या नळ्या, ५८ मिलिमीटर व्यासाच्या, १८०० लांब, खालून बंद, वर टाकीत उघड्या. बघितल्याबरोबर मैत्रिणीने मला कोपर मारलं. प्रत्येक नळी म्हणजे आमचाच डबा, लांबवलेला. गरम पाणी वरच्या अंगाने टाकीत चढतं, थंड त्याच नळीतून खालच्या अंगाने उतरतं. ना पंप, ना दुसरी नळी.

"मग किती तिरकं?" मामाने विचारलं. म्हटलं, नळी पार आडवी टाकू नकोस, बाकी पाण्याला विचारू नकोस, सूर्याला विचार. नाशिक विषुववृत्तापासून वीस अंशांवर. २१ डिसेंबरला दुपारचा सूर्य क्षितिजापासून साडेसेहेचाळीस अंशच वर येतो. गरम पाणी लागतं थंडीतच, तर वीसपेक्षा जास्त, तीस-पस्तीसवर ठेव.

मामा म्हणाला, "ते तर मी पहिल्यापासून तीसच ठेवतो." वर हेही: चपट्या पॅनलमध्ये काच आणि काळ्या पत्र्यातल्या हवेच्या फटीचं काय? तो प्रश्न खरंच चांगला आहे. तिथे फट दोन-तीन सेंटिमीटरची, रॅले अंक कोटींत नाही, हजारांत. तिथे १७०८ आणि कोन दोघांनाही किंमत येते. हॉलंड्स आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये नेमकं यासाठीच, तिरक्या हवेच्या थरासाठी, सूत्र दिलंय. ते अहवालाच्या शेवटच्या प्रकरणात घालायचं.

१८ जानेवारी

डबा रिकामा केला. तळाच्या प्लेटवर हिरवट डाग, वरच्या प्लेटवर मधोमध एक फिकट गोल, तीन सेंटिमीटरचा. चिंच लावून बाकी सगळं घासलं, तो गोल तोंडी परीक्षेसाठी ठेवलाय.

फ्रेम मामाला परत हवी होती, स्टँडला एल अँगल कमी पडत होता. उद्या कापणार. अर्धगोल पत्रा मात्र मी मागून घेतला.